ज्याच्या हातात तुटले



घरात काही तुटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाच्या हातून तुटले?" कपाचा कान असो, खुर्चीचा पाय असो की आजोबांच्या चष्म्याची काडी असो, एकदा नाव कळले की चौकशी संपते. ज्याच्या हातात तुटले तो दोषी, बाकीचे सगळे साक्षीदार. हा न्याय आपण लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलेला आणि स्वतः केलेला असतो, की तो बरोबर आहे का, हे विचारायचे सुचतच नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरी असाच एक न्याय झाला. न्यायाधीश आम्हीच होतो. तुटलेली वस्तू म्हणजे एका जुन्या जीपचा बोटभर लांबीचा बोल्ट. गोष्ट लहान आहे आणि तीत आमची बाजू काही शोभणारी नाही. तरीही ती येथे सांगावीशी वाटते, कारण बोल्टच्या निमित्ताने जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो पुढे बोल्टपुरता राहिला नाही.

आम्ही दोघे भाऊ कसबा पेठेत राहतो. आमचे वडील शेतीपंपांची दुरुस्ती करत. मुळशी, भोर, पानशेत या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर जाण्यासाठी त्यांनी १९८० च्या दशकात एक डिझेल जीप घेतली. वडील गेले, पंपांचे काम संपले, पण जीप विकवली नाही. आमच्या बोळात ती उभी केली, की समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला अंग चोरून जावे लागते. शेजारी मात्र काही बोलत नाहीत, कारण त्यांच्यापैकी अनेकांची लग्ने, बाळंतपणे आणि आजारपणे त्या जीपने पाहिली आहेत.

जीप ही गाडी मुळातच कोणालाही दुरुस्त करता यावी अशा बेताने घडवलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ती तयार झाली. युद्धभूमीवर कारखाना कुठून येणार? तेव्हा साध्या हत्यारांनी खोलता यावी आणि जोडता यावी, हा तिचा गुण ठरला. युद्धानंतर १९४० चे दशक संपता संपता महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी मुंबईत माझगावला सुरू केली आणि पुढे ही गाडी आपल्याच देशात बनू लागली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कधी ती पोलिसांची झाली, कधी निवडणुकीच्या प्रचाराची, तर कधी दहा-बारा माणसे कोंबून नेणारे 'वडाप'. वाटेत बंद पडली की चालक पाना घेऊन खाली शिरायचा. अशा गाडीच्या पोटाखाली आजवर किती अनोळखी हात लागले असतील, याची मोजदाद नाही.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. आमच्या जीपची पाळी आली होती. आरटीओची सोमवारची तारीख मिळाली. शुक्रवारी रात्री लक्षात आले, की मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळत आहेत. गॅरेजमध्ये त्यांना 'शॉकअप' म्हणतात. नावावरून वाटते, की धक्का हेच झेलतात. खरे तर धक्का झेलतात ते पाटे. पाटे दबतात आणि पुन्हा उसळतात. ते उसळणे आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते. आतला दट्ट्या वर-खाली होताना ते तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, उसळीची ताकद तेलाच्या उष्णतेत जिरते आणि गाडी शांत होते. शॉकअप गेलेली गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलत राहते, वळणावर चाकाची रस्त्यावरची पकड सुटू पाहते. म्हणजे हे काम टाळण्यासारखे नव्हते.

शनिवारी दुपारी जवळच्या एका गॅरेजमधला मुलगा आला. वय विसाच्या आतबाहेर. प्रत्येक शॉकअप दोन बोल्टांनी धरलेला असतो. एक वर चॅसीला, एक खाली अ‍ॅक्सलजवळच्या पट्टीला. म्हणजे दोन शॉकअपचे चार बोल्ट. तासाभरात तीन निघाले. चौथा, डाव्या बाजूचा खालचा, हलेना.

मुलगा गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "काका, हा धरून बसलाय. आज तेल मारतो, रात्रभर मुरू दे. आणि हा इंची आहे. माझ्याकडची पंधराची गोटी यावर ढिली होते. उद्या-परवा इंची गोटी घेऊन येतो."

दादा म्हणाले, "उद्या रविवार. परवा सकाळी आरटीओ. आजच काढ."

"तुटंल काका."

"नाही तुटत. पान्याला पाइप लाव."

शेवटचे वाक्य आम्ही दोघांनीही जवळजवळ एकदम म्हटले होते. हे मुद्दाम नमूद करतो, कारण नंतरच्या दोन तासांत आम्ही दोघेही ते सोयीस्करपणे विसरलो.

त्याने रिंग पाना हातोडीने ठोकून बसवला, पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला. नटासकट अर्धा बोल्ट खाली पडला आणि उरलेला अर्धा पट्टीतच अडकून राहिला. आता तो ड्रिलने पोखरून काढावा लागणार आणि पट्टीला कदाचित वेल्डिंग करावे लागणार. सोमवार गेला.

"अरे, काय करून ठेवलंस हे!" दादा ओरडले. आम्हीही त्यांच्या सुरात सूर मिसळला. ठरलेली मजुरी ८०० रुपये होती. त्यातले ३०० कापून आम्ही त्याच्या हातावर ५०० ठेवले. तो "बरं काका" एवढेच म्हणाला, फडक्याने हत्यारे पुसली आणि निघून गेला. आमच्या मते न्याय झाला होता.

संध्याकाळी तो तुटका तुकडा आम्ही सहज हातात घेतला. आटे लाल, कोरडे ठणठणीत. ग्रीसचा मागमूस नाही. "कोण्या गाढवाने असा कोरडा बोल्ट आवळला असेल?" असे आम्ही म्हणतच होतो, तेवढ्यात नटामागची चकती नजरेस पडली. वॉशर लोखंडी नव्हता, तांब्याचा होता. आणि तो पाहताच आम्हांला आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

त्या दुपारी शॉकअपचे रबरी बुश आम्ही स्वतःच बदलले होते. मेकॅनिकचे पैसे वाचवल्याचा आनंद मोठा होता. एक वॉशर कुठेतरी गडगडला आणि सापडेना. हार्डवेअरच्या दुकानापर्यंत कोण जाणार? आमच्या घरापासून तांबट आळी दोन मिनिटांवर. पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची ही आळी. तिथल्या एका ओळखीच्या आजोबांकडून आम्ही तांब्याची एक जाड चकती कापून घेतली, मधोमध भोक पाडून घेतले आणि बोल्टवर चढवली. आजोबा म्हणाले होते, "चालंल तात्पुरतं." ग्रीसचा डबा वरच्या माळ्यावर होता. तोही काढला नाही. नट अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि हात धुतले. ते 'तात्पुरतं' आठ पावसाळे टिकले.

म्हणजे तो 'कोणी गाढव' आम्हीच होतो.

तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकून ओले राहिले, की लोखंड अधिक वेगाने गंजते. दोन वेगळे धातू आणि मध्ये चिखलाचे पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिची किंमत लोखंड मोजते. या नियमाने जगातल्या एका फार मोठ्या वस्तूलाही सोडलेले नाही. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ साली उभा राहिलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बाहेरून तांब्याच्या पत्र्याचा आणि आतून लोखंडी सांगाड्याचा आहे. सांगाडा रचणाऱ्या गुस्ताव आयफेल यांच्या माणसांना हा धोका माहीत होता. म्हणून त्यांनी दोन धातूंच्या मध्ये लाख लावलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा थर घातला होता. कालांतराने तो थर झिजला, लोखंड फुगले आणि १९८० च्या दशकातल्या मोठ्या दुरुस्तीत आतल्या सुमारे १८०० लोखंडी पट्ट्या काढून तेथे स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्यांचा उपाय शंभर वर्षे पुरला नाही, हे खरे. पण आपल्यानंतर काय होईल, याचा त्यांनी विचार केला होता. आम्ही माळ्यावरचा डबासुद्धा काढला नव्हता.

चकतीवर सगळे खापर फोडणेही बरोबर नाही. तिने हातभार लावला, इतकेच. खरी करामत कोरड्या आट्यांची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट केसापेक्षाही बारीक. तिथे गंज धरला, की तो जागा मिळेल तिथे फुगतो आणि दोन वस्तूंना एक करून टाकतो. आम्ही त्या बोल्टला दिवसभर 'हट्टी' म्हणत होतो. वास्तविक त्याला जे सांगितले होते, तेच तो आठ वर्षे करत होता : धरून बसणे.

आता विचार करू या, तो बोल्ट कोणी तोडला?

आपली नजर शेवटच्या हाताकडे जाते, कारण तोच हात दिसतो. आठ वर्षे हळूहळू चढणारा गंज कोणाला दिसत नाही. त्याला आवाज नसतो. 'कट्' असा आवाज एकदाच होतो आणि त्या क्षणी जो तिथे असतो, त्याच्या नावावर सगळा हिशेब लिहिला जातो.

इंग्लंडचे बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेचे थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या कोड्याची चर्चा केली आणि तेव्हापासून ते 'नैतिक नशीब' अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते. नेगेल यांचे एक उदाहरण गाडीचेच आहे. ब्रेक तपासून घेण्यात हयगय करणारे चालक पुष्कळ असतात. त्यांतल्या एकाच्याच गाडीसमोर अचानक मूल येते. हयगय सर्वांची सारखीच, पण जन्मभर अपराधी ठरतो तो एक. बाकीचे स्वतःला चांगले चालक समजत राहतात. आमच्या शनिवारच्या दुपारीही तेच झाले. पहिले तीन बोल्टही त्या मुलाने असाच जोर लावून काढले होते. ते निघाले, तेव्हा आम्ही "हात चांगला आहे पोराचा" म्हणालो. चौथ्याला तोच हात, तोच पाना. फरक बोल्टच्या पोटात होता, आणि तो आम्ही केलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती चकती घेऊन आम्ही तांबट आळीत गेलो. आजोबा आता फारसे काम करत नाहीत, पण ओट्यावर बसतात. चकती हातात घेऊन हसले. सगळी हकीकत ऐकल्यावर ते जे म्हणाले, ते आम्ही विसरू शकलो नाही. तांब्याचे भांडे मठारताना, म्हणजे हातोडीने ठोकून घडवताना, तांबे ठोक्यागणिक कडक होत जाते. म्हणून मधूनमधून ते भट्टीत लाल तापवून पुन्हा मऊ करावे लागते. कोणी घाईत तापवायचे टाळले, तर भांड्याला तडा जातो. आजोबा म्हणाले, "तडा शेवटच्या ठोक्याला दिसतो. पण तो शेवटच्या ठोक्यानं पडलेला नसतो. आधी केव्हातरी तापवायचं राहिलेलं असतं."

बंधुभगिनींनो, हा हिशेब आपल्या घरांना लावून पाहावा. एखादे एकत्र कुटुंब फुटते आणि नाव धाकट्या सुनेचे होते, कारण ती आली आणि वर्षभरात चुली वेगळ्या झाल्या. तिच्या येण्यापूर्वी वीस वर्षे दोन भाऊ एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते, हे कोणी मोजत नाही. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात हलवायला एक रात्र उशीर झाला, म्हणून जन्मभर बोल ऐकतो तो जवळ राहणारा मुलगा. महिनामहिना फोन न करणारी भावंडे त्या बोलणाऱ्यांत असतात. जो जवळ होता, ज्याने हात लावला, त्याच्याच हातात तुटले. ज्यांनी हातच लावला नाही, त्यांचे हात अर्थातच स्वच्छ राहिले.

यावर कोणी म्हणेल, "असे असेल तर मग कोणीच दोषी नाही. प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवील." ही शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. दोष अनेकांत वाटला गेला, म्हणून तो नाहीसा होत नाही. आपापला वाटा ज्याने त्याने उचलायचा, एवढेच ठरते. आमच्या प्रसंगातले वाटे आम्ही मांडून पाहिले.

पहिला वाटा बोल्ट आवळणाऱ्याचा. आट्यांना बोटभर ग्रीस, योग्य वॉशर आणि बेताचा जोर, एवढेच त्याचे काम होते. ते आम्ही केले नाही.

दुसरा वाटा गाडी सांभाळणाऱ्याचा. आठ वर्षांत एकदाही खाली वाकून पाहिले असते, तर गंज दिसला असता. तेही आम्हीच.

तिसरा वाटा बोल्ट उघडणाऱ्याचा. त्याने बरोबर हत्यार आणावे आणि घाई करू नये. जुन्या जीपचे बोल्ट अमेरिकी नकाशाप्रमाणे इंचात असतात. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे आजच्या मेकॅनिकच्या पेटीत मिलिमीटरचेच पाने असतात. आमच्या नटाचे माप ९/१६ इंच, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना त्यावर चढत नाही. १५ चा चढतो, पण ०.७ मिलिमीटर सैल राहतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे झिजवतो. मुळीच न बसणारा पाना निदान नुकसान तरी करत नाही. जवळजवळ बसणारा करतो. दुसऱ्याचे दुःख 'जवळजवळ' समजलेल्या माणसाच्या शब्दांचाही आपल्याला असाच अनुभव असतो.

हे त्या मुलाला माहीत होते. त्याने योग्य गोटी मागितली, एक रात्र मागितली आणि तुटण्याचा इशाराही दिला. तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो. मधूनमधून हातोडीने हलके ठोकत राहिले, तर ते अधिक आत जाते. मग नट आधी किंचित आवळायचा, मग किंचित सोडायचा, पुन्हा आवळायचा, असे करत गंज मोडायचा. तेवढ्यानेही भागले नाही तर नट तापवायचा. दहा मिलिमीटरचे भोक तीनशे अंशांनी तापवले, तर ते जेमतेम ०.०३६ मिलिमीटरने मोठे होते. इतकी बारीक फटही पुष्कळ होते. मात्र शॉकअपच्या जवळ ज्योत नेणे धोक्याचे; आत कोंडलेले तेल असते आणि रबराचा बुश पेट घेतो. सगळे उपाय थकले, की ग्राइंडरने बोल्ट कापून टाकावा. त्यात कमीपणा नाही. पण नवा बोल्ट हाताशी ठेवून, ठरवून कापणे वेगळे आणि चिडून तोडणे वेगळे. त्याने आमच्याकडे एक रात्र मागितली होती. ती द्यायची की नाही, हे आमच्या हातात होते.

मग त्या मुलाचा वाटा कोणता? त्याने ठाम नकार द्यायला हवा होता, असे म्हणता येईल. पण विशीतल्या, मजुरीवर आलेल्या मुलाने घरमालकाच्या वयाच्या दोन माणसांना "नाही, मी करणार नाही" असे सांगावे, ही अपेक्षा सोपी नाही. ज्याला नकार देणे महागात पडते, त्याचा होकार पूर्णपणे त्याचा नसतो. म्हणून त्याचा वाटा असलाच तर लहान होता, आणि दंड मात्र त्याने एकट्याने भरला होता. आम्ही दुसऱ्याचे ३०० रुपये ठेवून घेऊन स्वतःला न्यायी समजत होतो.

मिस्साच्या आरंभी आपण आपल्या हातून घडलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. आम्ही ती कबुली वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्या रविवारी ती देताना पहिल्यांदाच आमच्या डोळ्यांसमोर एक नेमकी वस्तू आली : माळ्यावरून न काढलेला ग्रीसचा डबा.

मिस्सा झाल्यावर आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. रविवारी आणि बुधवारी भरणारा हा बाजार पुणेकरांना परिचित आहे. जुनी कुलपे, पंखे, भांडी आणि ढिगाने हत्यारे. इंची गोटी मिळते का, हे पाहायचे होते. बोल्ट मात्र तिथून घ्यायचा नव्हता. चाकाशी संबंधित बोल्ट नवा आणि योग्य ताकदीचाच असावा. एका हत्यारवाल्याच्या पथारीपुढे तोच मुलगा उकिडवा बसलेला दिसला. गोट्या उलटसुलट करून आकडे वाचत होता.

दादा क्षणभर थबकले. आयुष्यभर लहानांना रागावण्याची सवय झालेल्या माणसाला विशीतल्या मुलापुढे नमते घेणे किती कठीण जाते, ते आम्ही शेजारी उभे राहून पाहिले. शेवटी ते म्हणाले, "अरे, कालचा बोल्ट आम्हीच खराब केलेला होता. तुझी चूक नव्हती. आम्ही उगाच बोललो तुला." आणि ३०० रुपये त्याच्यापुढे धरले.

मुलाने पैसे लगेच घेतले नाहीत. म्हणाला, "काका, बोल्ट तुटतातच. त्याचं काही नाही. पण मी सांगत होतो ना, ते ऐकायला पाहिजे होतं." मग त्याने पैसे घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. आम्हांला बरे वाटावे म्हणून त्याने काही गोड बोलावे, अशी आमची मनातून इच्छा होती. तो बोलला नाही, आणि त्याचे बरोबर होते. चूक कबूल केली, की समोरच्याने ताबडतोब ती पुसून टाकावी, ही अपेक्षाही एक प्रकारची घाईच आहे.

आरटीओची दुसरी तारीख घेतली. ज्या सोमवारसाठी आम्ही इतका आटापिटा केला, तो सोमवार गेला आणि काहीही बिघडले नाही. अडकलेला तुकडा त्याच मुलाने बुधवारी दोन तास खपून ड्रिलने काढला. पट्टी वाचली, वेल्डिंग करावे लागले नाही. नवा बोल्ट लावताना त्याने आट्यांना ग्रीस चोपडले, लोखंडी वॉशर घातला आणि नट अर्धवट आवळून थांबला. जॅक काढून गाडी चाकांवर उभी केली आणि मगच नट पूर्ण आवळला. कारण विचारले, तर म्हणाला, "गाडी अधांतरी असताना आवळलं, की रबर पिळून बसतं. मग लवकर फाटतं. वजन घेऊन उभी असताना आवळायचं." आठ वर्षांपूर्वी हेही आम्हांला माहीत नव्हते आणि आम्ही कोणाला विचारले नव्हते.

ते ग्रीस आता कोणाला दिसत नाही. आरटीओच्या तपासणीतही त्याला गुण नाहीत. कदाचित दहा वर्षांनी कोणीतरी मेकॅनिक आमच्या जीपखाली शिरेल. तेव्हा आम्ही असू किंवा नसू. त्याने पाना लावला आणि बोल्ट मुकाट्याने निघाला, तर आमची आठवण काढायचे त्याला काही कारण पडणार नाही. पण त्याच्या हातात तो तुटणार नाही आणि कोणी त्याची मजुरी कापणार नाही.

आपण रोज काही ना काही आवळून ठेवत असतो. मुलाला दिलेला शब्द, भावाशी केलेला व्यवहार, सुनेला लावलेली शिस्त, तोंडावर मिटवलेले पण मनात ठेवलेले भांडण. हे सगळे पुढे कोणाला तरी उघडावे लागणार आहे, आणि पुष्कळदा तो माणूस आपण नसू. या आठवड्यात आपल्या घरी काही तुटले, तर "कोणाच्या हातून?" हा प्रश्न जिभेवर येईलच. त्याआधी थोडे थांबून, खाली पडलेला तुकडा उचलून नीट पाहावा. त्यावर आपल्या ओळखीची एखादी चकती असू शकते.

आमची चकती आम्ही टाकलेली नाही. ग्रीसच्या डब्याच्या झाकणावर ठेवली आहे. आणि डबा आता माळ्यावर नाही, खाली असतो.